बायनॉरल बीट्स : झोपेसाठी, अभ्यासासाठी कोणी ऐकतं का?

सांजवेळ

यूट्यूबवर 'डेल्टा वेव्ह्ज गाढ झोप' किंवा 'बीटा वेव्ह्ज अभ्यास' असं टाकलं की आठ-आठ, दहा-दहा तासांचे व्हिडिओ समोर येतात. खाली कुणाची अर्धशिशी थांबलेली असते, कुणाला पाच मिनिटांत झोप लागलेली असते. माझ्या ऑफिसात निम्मे लोक काही ना काही असलं ऐकतात. आपल्याकडे यावर सविस्तर धागा सापडला नाही, म्हणून हा काढतेय.

ज्यांना बायनॉरल बीट्स हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. डाव्या कानात २०० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला २०० कंपनांचा) सूर सोडायचा, उजव्या कानात २०६ हर्ट्झचा. दोन्ही सूर अगदी सपाट, एकसुरी. कानांवर हेडफोन असल्यामुळे ते हवेत एकमेकांत मिसळत नाहीत. तरी ऐकणाऱ्याला सेकंदाला सहा वेळा हेलकावणारा एक घुमारा ऐकू येतो. तो कुठल्याच कानात वाजत नसतो, मेंदूत तयार होतो. प्रशियातला भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश विल्हेल्म डोव्ह याने १८४१ च्या सुमारास हे नोंदवलं. पुढे बरीच वर्षं हा विषय प्रयोगशाळेपुरताच राहिला. ऑक्टोबर १९७३ मध्ये जेराल्ड ऑस्टर यांचा 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लेख आला आणि पुन्हा लक्ष वेधलं गेलं. ऑस्टर यांचा रस होता तो श्रवणाच्या अभ्यासात आणि मेंदूच्या काही आजारांच्या निदानात. झोप, ध्यान वगैरे बाजू आली ती रॉबर्ट मन्रो यांच्याकडून. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या या गृहस्थांनी १९७५ मध्ये पेटंट घेतलं आणि 'हेमी-सिंक' नावाने ध्वनिफिती काढल्या. आज मोबाइलवर जे मिळतं त्याचं मूळ तिथे आहे.

आता माझं. माझी शिफ्ट अमेरिकेच्या वेळेची. रात्री अडीच-तीनला घरी यावं तर अंग मोडून आलेलं असतं, पण डोकं काही बंद होत नाही. एका सहकारी मैत्रिणीने हे सुचवलं तेव्हापासून ऐकतेय. खाली पावसाचा आवाज, त्यात मिसळलेले, तीन हर्ट्झचा फरक असलेले दोन मंद सूर, अर्ध्या तासाचा टायमर. मला गुण येतो. श्वास संथ होतो आणि विचारांची साखळी तुटते. पण हा गुण त्या तीन हर्ट्झच्या फरकाचा, की फोन बाजूला ठेवून अंधारात गप पडून राहण्याचा? हे मला मनापासून समजून घ्यायचंय. जाणकारांनी हातचं न राखता लिहावं.

ध्वनिमुद्रक

सांजवेळ, विषय चांगला घेतलात. मी रेकॉर्डिंगच्या धंद्यातला आहे, मेंदूतलं मला कळत नाही. पण आपण जे ऐकतोय ते खरंच बायनॉरल आहे का, हे कसं तपासायचं ते सांगू शकतो.

वायरचा हेडफोन घ्या. घुमारा नीट ऐकू यायला लागला की एक बाजू कानापासून दूर करा. खरा बायनॉरल असेल तर घुमारा त्याच क्षणी जातो, उरतो तो सरळ सपाट सूर. एका कानातही घुमारा चालूच राहिला तर ते दोन सूर आधीच एकत्र मिसळलेले आहेत किंवा नुसता आवाज खालीवर केलेला आहे. यूट्यूबवर अशा कितीतरी फाइली 'बायनॉरल' म्हणून फिरतात.

ही चाचणी वायरलेस इअरबड्सवर फसू शकते. काही बड्स एकच कानात राहिला की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून त्यातच देतात. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू असेल तरीही तेच होतं. ब्लूटूथ हेडसेट कॉलच्या मोडमध्ये अडकला असेल तरीही तेच. आणि स्पीकरवर लावलंत तर सूर खोलीतच मिसळतात, त्यामुळे 'स्पीकरवरही चालेल' असं कुणी लिहिलं असेल तर त्याला बायनॉरल म्हणजे काय हे माहीत नाही.

विकत तर मुळीच घेऊ नका. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर आहे. जनरेटमध्ये जाऊन टोन निवडा, साइन, २०० हर्ट्झ, अॅम्प्लिट्यूड ०.१, हवा तेवढा कालावधी. दुसऱ्या ट्रॅकवर तेच, फक्त २०३ हर्ट्झ. पहिल्याचा पॅन पूर्ण डावीकडे, दुसऱ्याचा पूर्ण उजवीकडे. दोन्ही टोकांना दहा-दहा सेकंदांचं फेड द्या म्हणजे दचकायला होणार नाही. डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅकमध्ये साठवा. फार दाबलेल्या एमपीथ्रीमध्ये डावं-उजवं वेगळेपण बिघडू शकतं. पावसाचा आवाज हवा असेल तर तिसरा ट्रॅक. पंधरा मिनिटांचं काम आहे.

आणि हो, मूळ सूर फार वरचे घेऊ नका. हजार हर्ट्झच्या पुढे गेलात की घुमारा विरत जातो. दोन सुरांमधला फरक तीसेक हर्ट्झच्या वर नेलात तर घुमारा न राहता दोन वेगळे सूर ऐकू यायला लागतात.

खर्जातला_सा

ध्वनिमुद्रक यांचा प्रतिसाद फार आवडला. मी गाणं शिकवतो, त्यामुळे माझ्या बाजूने लिहितो.

दोन सुरांतल्या फरकाने होणारा हेलकावा तंबोरा जुळवणाऱ्याच्या रोजच्या ओळखीचा असतो. जोडीच्या दोन्ही तारा षड्जात लावताना, एक किंचित उतरलेली असेल तर एकामागून एक छेडल्यावर आवाज लाटांसारखा उठतो आणि बसतो. मणी केसभर सरकवला की लाटा लांबतात. आणखी केसभर, आणि त्या इतक्या लांबतात की दोन्ही तारा एक होतात. शिकाऊ मुलांना मी सूर बरोबर आला का हे विचारत नाही, लाट थांबली का ते विचारतो. त्यांचे कान तिथेच तयार होतात. आमचा तंबोरा मिरजेचा, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या क्लासमध्ये पेढे वाटले होते.

फरक एवढाच की तंबोऱ्याची लाट हवेत होते. ती एका कानाने ऐकली तरी ऐकू येते. बायनॉरलमधली मेंदूत होते.

अवांतर, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. याच व्हिडिओंच्या शेजारी '४३२ हर्ट्झ, निसर्गाचा सूर' आणि '५२८ हर्ट्झ, मध्ययुगीन भिक्षूंचा प्राचीन सूर' असे व्हिडिओ असतात. कृपया यावर विश्वास ठेवू नका. हर्ट्झ हे एककच विसाव्या शतकातलं, मध्ययुगातल्या भिक्षूंनी ५२८ मोजला कसा असेल? आणि आपल्या संगीतात तर षड्ज कुठल्याही आकड्याला बांधलेला नाही. बाई पेटीच्या काळी चार पट्टीला गातील, बुवा काळी एकला गातील, आणि दोघांचाही यमन यमनच राहील. राग मनावर काम करतो तो सुरांच्या आपसांतल्या नात्याने. एका सुट्या आकड्यात औषध आहे असं सांगणारा माणूस संगीताबद्दल काहीच सांगत नसतो.

मेंदूविज्ञान_वाचक

मी श्रवणविज्ञानात संशोधन करते, म्हणून सांजवेळ यांच्या मूळ प्रश्नावर लिहिते. थोडं लांबेल.

घुमारा तयार कुठे होतो? दोन्ही कानांकडून आलेले संदेश पहिल्यांदा एकत्र येतात ते मेंदूच्या देठात, सुपीरिअर ऑलिव्हरी कॉम्प्लेक्स या भागात. या भागाचं रोजचं काम वेगळंच आहे. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला अगोदर पोहोचतो, उजव्याला जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंद उशिरा. एवढ्याशा फरकावरून आवाज कुठून आला हे ओळखणाऱ्या पेशी तिथे असतात. दोन कानांत दोन वेगळे सूर सोडले की हा फरक सतत बदलत राहतो आणि त्या पेशींना आवाज फिरतोय असं वाटतं. दोन सुरांत एकच हर्ट्झचा फरक ठेवून ऐका. सूर डोक्याच्या आत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकताना जाणवेल. हजारच्या पुढे घुमारा विरतो तोही यामुळेच, तितक्या वेगवान लहरींशी चेतातंतूंना ठेका जुळवता येत नाही.

इथपर्यंत वाद नाही. वाद आहे पुढच्या दाव्यावर.

दावा असा: सहा हर्ट्झचा घुमारा ऐकवला की अख्खा मेंदू सहा हर्ट्झवर येतो. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून मेंदूतल्या विद्युतलहरी टिपल्या, तेव्हापासून आपण त्यांचे पट्टे पाडतो. चार हर्ट्झच्या खाली डेल्टा, चार ते आठ थीटा, आठ ते तेरा अल्फा, त्यावर तीसपर्यंत बीटा. गाढ झोपेत डेल्टा वाढतात हे खरं. पण झोपेमुळे डेल्टा वाढतात, यावरून बाहेरून तीन हर्ट्झ ऐकवल्याने झोप येईल हे सिद्ध होत नाही. शिवाय मेंदू कधीच एका आकड्यावर चालत नाही, एकाच वेळी वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे ठेके चालू असतात.

मोजमापं काय सांगतात? २०२३ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये एक आढावा आला. त्यात मेंदूलहरी प्रत्यक्ष मोजणारे १४ अभ्यास तपासले होते. ठेका जुळतो याला दुजोरा देणारे ५ निघाले, विरोधात जाणारे ८, आणि एकाचं उत्तर संमिश्र. २०२० मध्ये 'ई-न्यूरो'त आलेल्या प्रयोगात बायनॉरल आणि साध्या, आधीच मिसळलेल्या बीट्सची तुलना केली होती. मेंदू दोन्हींना प्रतिसाद देत होता, पण बायनॉरलला कमी. आणि मनःस्थितीत फरक कशानेच पडला नाही. खर्जातला_सा यांनी वर्णन केलेली तंबोऱ्याची लाट मेंदूला जास्त ठळक पोहोचते, असं म्हणायला यात जागा आहे.

पण मला दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने मांडायची आहे. २००५ मध्ये 'अ‍ॅनस्थेशिया' या नियतकालिकात शस्त्रक्रियेआधीच्या भीतीवर एक प्रयोग आला. रुग्ण १०८. बायनॉरल बीट्स घातलेलं संगीत ऐकणाऱ्यांची चिंता सरासरी २६.३ टक्क्यांनी कमी झाली, तेच संगीत बीट्सशिवाय ऐकणाऱ्यांची ११.१ टक्क्यांनी, काहीच न ऐकणाऱ्यांची ३.८ टक्क्यांनी. २०१९ मध्ये २२ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं, त्यातही चिंता, वेदना, स्मरण यांवर मध्यम परिणाम दिसला. चिंतेच्या बाबतीत तरी मला हे झटकून टाकता येत नाही. परिणाम कोणत्या मार्गाने होतो ते मात्र 'मेंदू सहा हर्ट्झवर आला' या गोष्टीने समजावता येत नाही.

अभ्यासिका_क्र_४

खूप धन्यवाद. मी पुण्यात एमपीएससीची तयारी करतोय. अभ्यासिकेत शेजारच्याची पानं, खुर्च्या सरकवणं, कुणाचा तरी फोन कंप पावणं हे सतत चालू असतं. मी १४ हर्ट्झचा बीटा ट्रॅक लावतो आणि खरंच लक्ष लागतं. आमच्या रूमवर तिघंजण लावतात. तर आता थांबवू का? पूर्वपरीक्षा जवळ आलीय, उगाच घडी मोडायची भीती वाटते.

मेंदूविज्ञान_वाचक

@अभ्यासिका_क्र_४, तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे. एकाग्रतेच्या बाजूने १९९८ चा एक छोटा प्रयोग नेहमी दाखवला जातो, २९ जणांवरचा. कंटाळवाण्या, सतर्क राहायच्या कामात बीटा ऐकणाऱ्यांची कामगिरी बरी होती. पण २०२३ मध्ये पोलंडमधल्या संशोधकांनी हजार लोकांना घरच्या घरी ऐकायला लावून बुद्धीच्या चाचण्या घेतल्या. तुम्ही वापरता तसंच घरगुती वातावरण. बीट्स ऐकणाऱ्यांची कामगिरी सुधारली तर नाहीच, घसरली.

माझा अंदाज, तुम्हाला फायदा होतोय तो आजूबाजूचे आवाज झाकले जाण्याचा. करून बघा: एक दिवस बीट्स, एक दिवस नुसता पावसाचा किंवा पंख्यासारखा आवाज, एक दिवस साधे इअरप्लग. रोज तेवढ्याच वेळात त्याच पातळीचे प्रश्न सोडवा आणि गुण वहीत लिहा. 'लक्ष लागलं असं वाटलं' हे लिहू नका, बरोबर आलेली उत्तरं लिहा. परीक्षेच्या हॉलमध्ये हेडफोन नसतो, म्हणून आठवड्यातले काही सराव पेपर त्या आवाजाशिवाय सोडवाच.

अभ्यासिका_क्र_४

परीक्षा हॉलचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. आजच रूमवर सांगतो. आम्ही तिघं मिळून वही घालतो.

पारिजात५८

सगळं वाचलं, बरंचसं कळलंही. माझं वय अठ्ठावन्न. पाळी गेल्यापासून झोपेची पार वाट लागली, पहाटे तीनला टक्क जाग येते. सुनेने हे बीट्स लावून दिले, पण कुशीवर वळलं की इअरफोन कानात टोचतो आणि उरलीसुरली झोपही जाते. त्यापेक्षा योगनिद्रेची सूचना स्पीकरवर हळू लावते, ते मला मानवलंय. उजव्या पायाचा अंगठा, तळवा, घोटा असं करत वर यायच्या आत बऱ्याचदा झोप लागलेली असते.

एक विचारायचं आहे. माझ्या वडिलांना डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. वय ब्याऐंशी. आई गेल्यापासून रात्री फार अस्वस्थ असतात. त्यांना यातलं काही ऐकवता येईल का?

डॉ_वाटसरू

पारिजातताई, वडिलांबद्दल संगीताचे जाणकार सांगतीलच. मी तुमच्याबद्दल लिहितो. पहाटेची जाग महिनोन्‌महिने असेल तर एकदा दाखवून घ्या. या वयात अंगातून वाफा येणं, थायरॉइड, घोरताना श्वास अडकणं, उदासीनता, यातलं काहीही मागे असू शकतं आणि या प्रत्येकावर उपाय आहे. जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून औषधाआधी झोपेसाठीची वर्तन-उपचारपद्धती द्यावी, असं 'अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स' या अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलं आहे. त्यात उठण्याची वेळ पक्की करणं, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न पडता उठून बसणं, अशा गोष्टी असतात. साध्या वाटतात, पण शिस्तीने केल्या की काम करतात.

बाकी सगळ्यांसाठी: आवाज लहान ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठी मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. रात्रभर कानात काहीतरी चालू ठेवण्याची गरज नाही, टायमर लावा. गाडी चालवताना ऐकू नका. फिट्स येत असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. आणि माझी सगळ्यात कळकळीची विनंती, चालू असलेली झोपेची किंवा नैराश्याची गोळी अशा ट्रॅकच्या भरवशावर परस्पर बंद करू नका. असे रुग्ण माझ्याकडे येतात, आणि त्यांची अवस्था बघवत नाही.

कोकणकडा_२

आमच्या भागात एका क्लासने दहावीच्या पालकांसाठी 'ब्रेनवेव्ह' शिबिर घेतलं. शेवटी पेन ड्राइव्ह विकायला काढले, किंमत काही हजारांत. सांगणारे म्हणाले की अमेरिकेच्या सीआयएनेही हे मान्य केलंय. बहिणीने घेतला. मला तेव्हापासून चीड येतेय. सीआयएचं खरं काय आहे?

सांजवेळ

@कोकणकडा_२, तो कागद खरा आहे, पण त्यात तसं काही सिद्ध झालेलं नाही. मन्रो यांच्या संस्थेत 'गेटवे' नावाचा कार्यक्रम चालायचा. अमेरिकी लष्करातले लेफ्टनंट कर्नल वेन मॅकडॉनेल यांनी १९८३ मध्ये त्यावर अहवाल लिहिला. पुढे तो सीआयएच्या संग्रहातून खुला झाला आणि समाजमाध्यमांवर फिरायला लागला. मी तो वाचलाय. त्यात प्रयोग नाहीत, मोजमाप नाही. शरीराबाहेरचे अनुभव, विश्व म्हणजे होलोग्राम वगैरे गोष्टींची एका अधिकाऱ्याने केलेली मांडणी आहे. सरकारी शिक्का असलेला कागद म्हणजे पुरावा नव्हे, हे त्या पालकांना कुणीतरी सांगायला हवं होतं. बहिणीला ध्वनिमुद्रक यांनी सांगितलेली चाचणी करायला लावा. त्या पेन ड्राइव्हमध्ये काय आहे ते पाच मिनिटांत कळेल.

२०२१ च्या जागतिक अमली पदार्थ सर्वेक्षणात तीसेक हजार लोकांना विचारलं होतं. त्यातले सुमारे ५ टक्के बायनॉरल बीट्स ऐकणारे निघाले, आणि त्यांतल्या सुमारे ७२ टक्क्यांचं कारण होतं आराम किंवा झोप. एवढ्या लोकांना शांत झोप हवी आहे, म्हणून तर हा बाजार मांडता येतो.

कोकणकडा_२

चाचणी केली. एक बाजू काढली तरी घुमारा तसाच. म्हणजे बायनॉरल नाहीच. बहिणीला घेऊन उद्या पैसे परत मागायला जातोय.

खर्जातला_सा

पारिजातताई, उशीर झाला उत्तर द्यायला. बायनॉरल तुमच्या वडिलांना ऐकू येणार नाही, त्याला दोन्ही कान लागतात. पण तंबोऱ्याला एक कान पुरतो. मोबाइलवर तंबोऱ्याची मोफत ॲप्स आहेत. त्यात पंचमाचा तंबोरा निवडा, सूर काळी एक किंवा त्याखाली, लय संथ. फोन त्यांच्या उजव्या कानाच्या बाजूला, उशीपासून हातभर लांब. आवाज इतकाच की खोलीतलं कुणी बोललं तर त्यांना ऐकू यावं. त्यांना गाण्याची किंवा भजनाची आवड असेल तर पहिले काही दिवस तुम्ही शेजारी बसून नुसता षड्ज लावा, शब्द नकोत. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणात आम्ही हेच करायचो.

ॲपमध्ये जोडीच्या तारा बारीक सैल करायची सोय असेल तर एक तार किंचित उतरवा, लाट येईल. ती फार जलद ठेवू नका.

पारिजात५८

दादा, बाबा पूर्वी भजनी मंडळात पेटी वाजवायचे. आज रात्रीच लावते. काळी एक त्यांना विचारूनच ठेवते, त्यांचा सूर त्यांना पक्का माहीत आहे.